अंगावर

माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली.
शेवटची कधी आली, तेही सांगू शकते:
चुलीमागे टांगलेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर
दर महिन्याला मी पेन्सिलीनं फुली मारत आले,
बाराव्या वर्षापासून.
मग फुल्या विरळ झाल्या,
मग नुसता समुद्र राहिला,
पहाटे चार चाळीस, संध्याकाळी पाच दोन.

आणि यंदा मार्चमध्ये, बटाटे काढायच्या दिवसांत,
चड्डीवर एक डाग.
बटाट्याच्या डोळ्याएवढा.

आधी वाटलं, माकीची बोरं.
सगळं रंगवतात ती, जीभ, बोटं, पोरांचे गणवेश.
पण माकी जांभळी.
हा रंग ओळखीचा होता,
गाव सोडून गेलेला माणूस
पाठमोराही ओळखू यावा, तसा.

गार पाण्यात धुतला.
गरम पाण्यानं रक्त कापडात घर करतं.
कुणाला बोलले नाही.

तीन आठवड्यांनी परत.
मग एकदा लुगा उपसताना, कमरेएवढ्या पाण्यात,
कळलंच नाही किती गेलं;
शेवाळच लाल.

शेजारच्या एर्मिंदाला सांगितलं,
तेही लोकर पिंजता पिंजता,
दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.
ती हसली, "तरुण होत चाललीये वाटतं तुझी मैत्रीण!"
मीही हसले.
मग तिचे हात थांबले.
"किती दिवस अंगावर काढणार आहे ती?"

आमच्या बेटावर सगळं अंगावरच काढतात.
दाढदुखी, नवरा, वायव्येचा वारा.
वारा निघून जातो, हीच अडचण:
त्यामुळं वाटतं, सगळंच जाईल.

मात्रोना लाँचनं येते, एक गुरुवार सोडून.
यास्ना बार्रिया. बुटांना चिखल,
माझ्या धाकटीपेक्षा लहान.
बाकावर आम्ही चौघी.
एक पोर सतरा-अठराची,
तासाला एक पॅड भिजतंय म्हणून आलेली, ओठ पांढरे;
तिला आम्ही न बोलता पुढं सरकवलं.
एकीला दोन पाळ्यांच्या मध्येच दिसत होतं.
तिसरीनं आम्हाला काही सांगितलं नाही,
पण दार लागता लागता यास्नाचा प्रश्न ऐकू आला,
"नवऱ्याजवळ गेल्यावर येतं का?"
आणि आत बराच वेळ शांतता.
असं विचारता येतं,
हे मला अठ्ठावनाव्या वर्षी कळलं.

मग दारातून नाव आलं:
"एदेल्मिरा चिगुआय! तुमची पाळी."
उठता उठता म्हटलं, हो बाई, तेच तर.

किती, केव्हापासून, रंग कसला,
रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता का.
मी घडी घातलेला तक्ताच काढून दिला:
सहा वर्षांच्या कोऱ्या पाण्यानंतर
पाच फुल्या.
म्हटलं, थोडंच आहे, एवढ्यासाठी...
"पाळी गेल्यावर थोडं असं काही नसतं," ती म्हणाली.
"एक थेंब दिसला तरी यायचं.
बहुतेकदा साधंच निघतं,
आतली सुकलेली कातडी, एखादा छोटा कोंब.
कधी कधी साधं नसतं.
तेही लवकर सापडलं तर बहुतेक वेळा बरं होतं.
नुसतं बघून मला सांगता येत नाही.
तुम्हालाही नाही."

कास्त्रोपर्यंत बोटीनं दोन तास.
सोनोग्राफी झाली, मग गर्भाशयाचं अस्तर
चिमूटभर काढून घेतलं.
दुखलं, खोटं कशाला सांगू.
धाकटी झाली तेव्हा मी होडीत होते,
त्यापुढं काही नाही.

निकाल यायचाय अजून.
तक्त्यावर त्या गुरुवारी फुली नाही, गोल काढलाय.

आज ओहोटी सहाला.
नोल्फाला फोन लावला, सगळं सांगितलं,
एकही शब्द न गाळता.
ती गप्प. मग म्हणाली,
"आई, मलाही गेल्या वर्षी..."
आणि लाइन तुटली. वारा.

तेव्हापासून मी परत परत लावतेय.